काच फ्यूजिंग शिकताय? भट्टी लावायच्या आधी काय, नंतर काय, आणि नेमकं कुठे चुकतं

फ्यूजिंग म्हणजे काचेचे तुकडे एकमेकांवर रचून भट्टीत वितळवून एकजीव करणं. यात नवीन शिकणाऱ्यांचं एक मी सारखं बघते. रंग निवडण्यात आणि डिझाइन काढण्यात दोन दिवस जातात, मग शेल्फवर, म्हणजे भट्टीतल्या फळीवर, घाईघाईत किल्न वॉशचा (काच चिकटू नये म्हणून लावायच्या लेपाचा) एक हात फिरवला, काच ओढणीला पुसली, कुठूनतरी मिळालेलं शेड्युल, म्हणजे तापवण्या-निववण्याचं वेळापत्रक, भट्टीच्या कंट्रोलरमध्ये टाकलं की झालं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की पीसला आरपार तडा नाहीतर मधोमध फुगलेला फुगा, आणि दोष सगळा भट्टीला. भट्टी बिचारी सांगितलं तेवढंच करते.

काच बिघडते ती बहुतेक वेळा भट्टी तापायच्या आधीच्या कामात किंवा नंतर निवताना. मधला तो ८०० अंशांचा भाग, ज्याची सगळ्यांना धास्ती असते, तो खरं तर सगळ्यात सोपा. म्हणून या लेखात मी तयारीवर आणि निवण्यावर जास्त बोलणार आहे, वितळण्यावर कमी. सगळी तापमानं सेल्सियसमध्ये आहेत, हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे यावरूनच एक मोठा घोळ होतो.

टप्पा १: पहिला पीस मोठा करायचाच नाही

पहिला पीस म्हणजे १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरची चौकोनी टाइल. खाली ३ मिलिमीटरची एक काच, वर ३ मिलिमीटरची दुसरी. बाऊल नाही, घड्याळ नाही, भिंतीवरचं पॅनल तर अजिबातच नाही.

दोनच थर का, तर वितळलेली काच पृष्ठताणामुळे स्वतःहून साधारण ६ ते ७ मिलिमीटर जाडीवर येऊन थांबायला बघते. एकच ३ मिलिमीटरचा थर पूर्ण वितळवला तर तो कडांनी आत ओढला जातो, कडा जाड आणि मध्य पातळ होतो, आकार कंबरेत आवळल्यासारखा दिसतो. उलट तीन थर रचले की काच बाहेर पसरते. हिशोब करून बघा, १० बाय १० च्या तीन थरांची जाडी ९ मिलिमीटर म्हणजे ९० घन सेंटिमीटर काच, ती ६ मिलिमीटरवर पसरली तर १५० चौरस सेंटिमीटर जागा खाते, म्हणजे तुमची १० ची टाइल १२ च्या पुढे जाते. शेल्फच्या कडेला ठेवली असेल तर खाली ओघळून भट्टीच्या विटेला चिकटते, आणि ती वीट मग जन्मभर तुमच्याकडे बघत राहते.

टप्पा २: काच कुठली, हे आधी, रंग नंतर

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. प्रत्येक काच तापली की फुगते आणि निवली की आकसते, पण सगळ्या सारख्या नाही. हे मोजायचा आकडा म्हणजे सीओई. फ्यूजिंगसाठी मिळणारी काच मुख्यतः ९० आणि ९६ या दोन गटांत येते, बुल्सआयची ९० आणि ओशनसाइडची सिस्टिम ९६ ही नेहमीची उदाहरणं. खिडकीची साधी फ्लोट काच या दोन्हींपेक्षा खाली, ८० च्या घरात.

९० आणि ९६ मध्ये फरक सहाचाच, मग काय बिघडतं? १० सेंटिमीटरच्या तुकड्यात ५०० अंशांपासून घरातल्या तापमानापर्यंत निवताना दोघींच्या आकसण्यात साधारण ०.०३ मिलिमीटरचा फरक पडतो. कागदाच्या जाडीच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढा. पण त्या दोघी आता एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि काचेला ताणलेलं सहन होत नाही, त्यामुळे तेवढ्यानेही ती फाटते. माझा एक पीस भट्टीतून धडधाकट बाहेर आला, तीन दिवस कपाटावर नीट बसला, आणि चौथ्या दिवशी रात्री टण्ण असा आवाज. सकाळी बघते तर दोन तुकडे, बरोबर जिथे मी उरलेला एक अनोळखी हिरवा तुकडा लावला होता तिथूनच.

आणखी एक. दोन कंपन्यांच्या काचांवर एकच आकडा लिहिलाय म्हणून त्या जुळतीलच असं नाही, कारण जुळणं नुसत्या सीओईवर ठरत नाही, तापलेली काच किती घट्टसर वाहते यावरही ठरतं. सुरुवातीला एकाच कंपनीची, फ्यूजिंगसाठी तपासलेली असा शिक्का असलेली काचच घ्या, आणि तुकड्यांचे डबे वेगळे ठेवून त्यावर मार्करने मोठ्ठं लिहा. "मला आठवेल" असं वाटतं. आठवत नाही.

बाटल्यांची काच वितळवायची हौस असेल तर एका पीसमध्ये एकाच बाटलीची काच. दोन बाटल्या दिसायला जुळ्या असल्या तरी मिसळू नका. गाडीची किंवा शॉवरच्या दाराची टफन केलेली काच घेऊच नका, तिला कटर लावला की चुरा होतो. फ्लोट काचेत एक बाजू कथिलाची असते कारण ती वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. ही बाजू नको तशी आली की फायरिंगनंतर, म्हणजे भट्टीतून तापून निघाल्यावर, धुरकट झाक येऊ शकते, शॉर्टवेव्ह यूव्ही दिव्याखाली ती बाजू दुधी चमकते, त्यावरून ओळखता येते.

रंगांचं थोडक्यात: काही निळे-फिरोजी रंग तांब्याचे असतात, काही क्रीम-पिवळे-लाल गंधक किंवा सेलेनियमवाले. हे एकमेकांना चिकटले की मध्ये तपकिरी-काळपट रेघ येते. काहींना ती आवडते, मलाही, पण ती अचानक यायला नको. आणि सोन्यापासून बनलेले गुलाबी रंग भट्टीत जाण्याआधी अगदी फिके, कधीकधी बिनरंगी दिसतात, तापल्यावर खुलतात, तेव्हा "चुकीची काच पाठवली" म्हणून भांडायच्या आधी एक चिप भाजून बघा.

> सावध: काच कुठली हे शंभर टक्के माहीत नसेल तर ती या पीसमध्ये नाही. एवढाच नियम.

टप्पा ३: कापणं

काच कापत नाहीत, खरं तर मोडतात. कटर वर नुसती रेघ मारतो आणि मग त्या रेघेवरून काच दुभंगते. हे डोक्यात बसलं की हात आपोआप हलका होतो.

१. गुळगुळीत बाजू वर घ्या. टेक्स्चर असेल तर ते खाली.
२. कटरच्या चाकाला थोडं कटिंग ऑइल.
३. कटर सरळ धरा, डावीउजवीकडे कललेला नको. जवळच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर आत सुरू करून पलीकडच्या कडेपर्यंत एका दमात, एकसारखा दाब.
४. लगेच मोडा. सरळ रेघेला रनिंग प्लायर (रेघेवरून काच दुभंगवणारी पक्कड), त्यावरची खूण रेघेच्या बरोबर वर ठेवून हलकेच दाबा, भेग पुढे पळताना डोळ्यांना दिसते.

दाब बरोबर आहे हे कानाला कळतं, चेन ओढल्यासारखा बारीक चर्र आवाज येतो. रेघ पांढरी आणि कुसं उडणारी दिसली तर दाब जास्त झालाय. काही अपारदर्शक काचांवर हा आवाज येतच नाही, तिथे घाबरून अजून जोर लावू नका.

आणि एकाच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवायचा नाही. पहिली नीट उमटली नाही असं वाटलं तरी नाही. चाक खराब होतं आणि काच भलतीकडेच जाते. बाजूला नवीन रेघ मारा किंवा काच उलटी करून दुसऱ्या बाजूने मारा.

आत वळणारे गोलवे एका रेघेत निघत नाहीत. आधी उथळ, मग थोडा खोल, असे तीन-चार चंद्रकोरीसारखे तुकडे काढत आत जायचं आणि उरलेले टवके ग्रोझिंग प्लायरने कुरतडायचे. पहिल्या टाइलला याची गरजच पडू देऊ नका.

चष्मा घालूनच. बंद बूट. टेबल झाडूने कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, कारण काचेची बारीक धूळ हवेत उडून नाकात जाते.

टप्पा ४: धुणं

हा टप्पा लोक गाळतात, आणि मग पृष्ठभागावर पांढरट, खरखरीत साय धरल्यासारखं आलं की विचारतात हे काय. त्याला डिव्हिट्रिफिकेशन म्हणतात, सगळे नुसतं डिव्हिट म्हणतात. काचेचा वरचा थर स्फटिक व्हायला लागतो, आणि त्याला सुरुवात करायला बोटाचा ठसा, कटरचं तेल, ग्राइंडरची धूळ, मार्करची शाई काहीही पुरतं.

आधी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुवा, मग भरपूर साध्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. ग्राइंडर वापरला असेल तर कडा जुन्या टूथब्रशने घासा, तिथे जी पांढरी पेस्ट वाळून बसते ती नुसत्या पुसण्याने जात नाही. धुतल्यावर काच फक्त कडांना धरायची.

> तपासा: काच उजेडाकडे तिरकी धरा. धूसर ओघळ दिसला तर परत धुवा. भट्टीत गेलेला डाग जळून जाईल ही आशा सोडा.

टप्पा ५: शेल्फ

काच तापल्यावर ज्याला टेकेल त्याला चिकटते, म्हणून मध्ये काहीतरी लागतं. दोन पर्याय, किल्न वॉश किंवा फायबर पेपर.

किल्न वॉश म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिना आणि चिनी माती यांची पावडर. एक भाग पावडर आणि पाच भाग पाणी, मापाने, वजनाने नाही, पण पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर पाकिटाचं ऐका. कालवून थोडा वेळ ठेवा. पावडर सारखी तळाशी बसते म्हणून दर वेळी ब्रश बुडवायच्या आधी ढवळा, नाहीतर पहिले दोन हात नुसतं पाणी आणि शेवटचे दोन चिखल. मऊ रुंद ब्रशने चार-पाच पातळ हात: एक आडवा, एक उभा, मग दोन तिरके. पूर्ण वाळू द्या, आणि वाळल्यावर मऊ कापड हलकेच फिरवून ब्रशच्या रेघा मोडा, कारण त्या प्रत्येक रेघेचा ठसा काचेच्या पाठीवर उमटतो. हे करताना मास्क.

फुल फ्यूजला, म्हणजे काच पूर्ण वितळून सपाट होईल इतक्या तापमानाला, एकदा गेलेला किल्न वॉश परत वापरायचा नाही. तेवढ्या उष्णतेत त्यातली माती बदलते आणि पुढच्या वेळी काचेला पांढरी होऊन चिकटते. खरवडून काढा, नवीन लावा. कंटाळवाणं आहे, पण काचेच्या पाठीवर चिकटलेला वॉश काढणं याच्यापेक्षा फार जास्त कंटाळवाणं आहे.

पातळ फायबर पेपर सोपा पडतो, कापायचा आणि ठेवायचा. तापताना त्यातला बाइंडर जळतो, वास आणि धूर येतो, तेव्हा खोली हवेशीर हवी. फायरिंगनंतर त्याची पूड होते, ती फुंकायची नाही, मास्क घालून ओल्या कापडाने टिपून घ्यायची.

> तपासा: शेल्फवर स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांना ठेवा. शेल्फ तळाला टेकलेला नको, तीन छोट्या पोस्टवर उचललेला हवा म्हणजे खालून हवा फिरते. थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या काडीच्या, टोकाला काहीही चिकटलेलं नको.

टप्पा ६: भट्टीची ओळख, रिकाम्या हाताने नाही

हा टप्पा बहुतेक ठिकाणी सांगतच नाहीत आणि माझ्या मते याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. प्रत्येक भट्टी आतून सारखी तापत नाही. दाराजवळ थंड, मागच्या कोपऱ्यात गरम असं असतंच. काचेच्या भट्टीत एलिमेंट बहुधा वरच्या झाकणात असतात म्हणजे उष्णता काचेवर सरळ पडते. मातीकामाच्या भट्टीत ते बाजूच्या भिंतींत असतात, तिथे काचेच्या कडा मध्यापेक्षा आधी तापतात. चालतं, पण वेग बराच कमी ठेवावा लागतो.

तर ३ सेंटिमीटरचे, दोन थरांचे पाच सारखे चौकोन करा. चार शेल्फच्या चार कोपऱ्यांत, एक मध्ये. फुल फ्यूज न करता ७६० अंशांपर्यंतच न्या आणि १० मिनिटं थांबा, बाकी वेग आणि निवणं टप्पा ८ प्रमाणेच. बाहेर काढून चौकोनांचे कोपरे बघा. जिथे जास्त गोल झाले ती जागा गरम, जिथे धारदार राहिले ती थंड. शेल्फचा नकाशा काढून भट्टीजवळ चिकटवा. पुढच्या प्रत्येक पीसची जागा या नकाशावरून ठरवायची.

टप्पा ७: रचना

खाली पूर्ण चौकोन, वर छोटे तुकडे असं रचलं तर हवा सहज निसटते. खाली छोटे तुकडे आणि वर अखंड काच असं उलटं केलं की कडा आधी सील होतात, हवा आत अडकते आणि तो प्रसिद्ध फुगा येतो, कधी तर फुटून मध्ये खड्डाच पडतो. अखंड काच वर हवीच असेल तर चारही कोपऱ्यांखाली त्याच काचेच्या चुऱ्याचा, म्हणजे फ्रिटचा, एकेक कण ठेवा. वरची काच तेवढी उचललेली राहते आणि हवेला वाट मिळते.

गोंद कमीत कमी. पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब, तोही कडेजवळ, मध्ये नाही. मध्ये लावलेल्या गोंदाचा धूर काचेखालीच अडकतो. आणि गोंद वाळेपर्यंत भट्टी सुरू करायची नाही. गोंद तसाही काही शे अंशांतच जळून जातो, त्यामुळे गोंदाच्या भरवशावर कलून उभं केलेलं काही भट्टीत उभं राहणार नाही; तो फक्त टेबलावरून भट्टीपर्यंतच्या प्रवासापुरता.

फ्रिट किंवा पावडर चाळणीने भुरभुरवताना साधा कापडी मास्क पुरत नाही, धूळ अडवणारा नीट बसणारा मास्क घ्या.

टप्पा ८: शेड्युल

कंट्रोलरला प्रत्येक पायरीसाठी तीनच गोष्टी कळतात: ताशी किती अंशांनी, कुठपर्यंत, आणि तिथे किती वेळ. आपल्या १० सेंटिमीटरच्या, दोन थरांच्या, सीओई ९० च्या टाइलसाठी मी हे वापरते:

१. ताशी २०० अंशांनी ६७० पर्यंत, ३० मिनिटं मुक्काम.
२. ताशी ३०० अंशांनी ८०४ पर्यंत, १० मिनिटं.
३. पूर्ण वेगाने खाली ४८२ पर्यंत, ६० मिनिटं.
४. ताशी ८० अंशांनी ३७० पर्यंत, मुक्काम नाही.
५. बंद. झाकण लावूनच निवू द्या.

सीओई ९६ असेल तर वरचं टोक थोडं कमी चालतं आणि तिसऱ्या पायरीला ४८२ च्या जागी ५१० धरा.

आता प्रत्येक पायरी का आहे ते, कारण कारण कळलं नाही की लोक आपल्या मनाने वेळ कापतात. पहिली पायरी हळू, कारण ५०० अंशांच्या खाली काच अजून कडक असते आणि वर गरम-खाली थंड झाली तर तडकते. ६७० ला अर्धा तास थांबतो तेव्हा वरची काच मऊ होऊन हळूहळू खाली बसते आणि मधली हवा कडेने बाहेर ढकलली जाते. दुसरी पायरी वेगाने, कारण ७०० ते ७६० च्या आसपास डिव्हिटला फावतं, तिथे रेंगाळायचं नाही. तिसरीत पूर्ण वेग म्हणजे भट्टी आपली आपण उतरते तेवढा. झाकण उघडून गार करायची गरज नाही, काही जण करतात, नवशिक्याने करू नये.

चौथ्या पायरीला घाई करू नका म्हणून मी अक्षरशः हात जोडते. ४८२ ला तासभर थांबणं म्हणजे अ‍ॅनिलिंग, या वेळात काच आतून-बाहेरून एका तापमानाला येते आणि आतला ताण सुटतो. पण नंतर ती निवतानाही आतबाहेर सारखीच निवली पाहिजे, म्हणून ताशी ८०. जाडी वाढली की हा वेळ दुप्पट करून भागत नाही, त्याहून जास्त वाढतो. १२ मिलिमीटरच्या पीसला ६ चं शेड्युल लावलं तर तो आज दिसायला नीट असेल, पण मनातून तुटलेला असेल.

हिशोब: वर चढायला सव्वातीन तास, अर्धा तास मुक्काम, मग अर्धा तास चढ आणि १० मिनिटं, उतरायला भट्टीप्रमाणे अर्धा ते एक तास, तासभर अ‍ॅनिलिंग, पुढे जवळजवळ दीड तास. सात-आठ तास झाले आणि भट्टी अजून ३७० वर आहे. म्हणजे संध्याकाळी लावून रात्री पीस बघू हा बेत होत नाही. सकाळी लावा, दुसऱ्या सकाळी उघडा.

> सावध: कंट्रोलर फॅरेनहाइटवर आहे की सेल्सियसवर ते बटण दाबायच्या आधी बघा. फॅरेनहाइटवर असताना ८०४ टाकलं तर काच ४२९ सेल्सियसला पोचते, म्हणजे नुसती गरम होऊन जशीच्या तशी परत येते, आणि हे नशीब म्हणायचं. उलटं झालं, सेल्सियसवर असताना फॅरेनहाइटचे १४८० टाकले, तर भट्टी काच, शेल्फ सगळ्यासकट स्वतःला जाळायला निघते.

भट्टी चालू असताना आसपास पडदा, पुठ्ठा, स्प्रेचे डबे काही नको. सिंथेटिक कपडे नको. आत हात घालायच्या आधी प्लग काढायचा, कंट्रोलरवर बंद दिसतंय एवढ्यावर विसंबायचं नाही. भोकातून आत डोकवायचं असेल तर इन्फ्रारेड अडवणारा चष्मा, साधा गॉगल चालत नाही.

टप्पा ९: उघडणं

आकडा ५० च्या खाली गेल्याशिवाय नाही. "थोडं फटीतून बघते" हे मी पण केलंय, १४० वर, आणि तो पीस मी टिंग ऐकतच गमावला. शेल्फ आणि विटा आतून आकड्यापेक्षा गरम असतात, खोलीच्या तापमानापर्यंत थांबलात तर उत्तम.

बाहेर काढल्यावर कडांना हात लावायच्या आधी बघा, कडेला सुईसारखे काटे असू शकतात. काच आत ओढली जाताना किल्न वॉशला अडकून ते तयार होतात आणि बोट सहज कापतात. ओल्या डायमंड पॅडने घासून टाका, कोरडं घासू नका.

मग ताण तपासा, हे घरी जमतं. साध्या लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा आणि पोलरायझिंग फिल्मचा तुकडा डोळ्यासमोर फिरवा, एका कोनात स्क्रीन काळी होईल. आता पारदर्शक पीस मध्ये धरा. काळ्यावर जिथे उजळ ढग किंवा कडेभोवती उजेडाची किनार दिसेल तिथे ताण आहे. अपारदर्शक काचेत यातलं काही दिसत नाही, त्यासाठी वेगळा टेस्ट पीस करावा लागतो: पारदर्शक पट्टीवर शंका असलेल्या प्रत्येक काचेची १ सेंटिमीटरची चिप, मध्ये अंतर सोडून, आणि त्यांच्या शेजारी पट्टीच्याच काचेची एक चिप. सगळं एकत्र फ्यूज करा. शंकेच्या चिपभोवती किनार दिसली आणि पट्टीच्या स्वतःच्या चिपभोवती नाही, तर काच जुळत नाही. दोन्हींभोवती दिसली तर आधी अ‍ॅनिलिंग सुधारा, काचेबद्दल इतक्यात काही ठरवू नका. ही शेजारची चिप न लावता लोक चांगल्या काचेवर आळ घेतात.

टप्पा १०: स्लम्पिंग, म्हणजे आकार देणं

टाइल नीट आली तरच हे. फ्यूज आणि स्लम्प एकाच फायरिंगमध्ये होत नाही, ८०० ला साच्यात ठेवलेली काच तळाशी गोळा होऊन बसेल. आधी सपाट फ्यूज, मग दुसऱ्यांदा भट्टी, कमी तापमानाला.

मातीच्या साच्याला चार-पाच हात किल्न वॉश, तळाची छोटी भोकं टाचणीने मोकळी केलेली, साचा छोट्या पोस्टवर उचललेला म्हणजे खालून हवा निघेल. काच साच्याच्या काठाबाहेर जाता कामा नये, कारण बाहेरचा भाग खाली वळून साच्याला मिठी मारतो आणि निवताना दोघांपैकी एक तुटतो. बरोबर मध्यभागी ठेवा आणि लेव्हल परत बघा.

आता ही काच ६ मिलिमीटरचा एकसंध तुकडा आहे, दोन सुटे पातळ थर नाहीत, म्हणून चढ अजून हळू: ताशी १५० ने ६५० च्या आसपास, १० मिनिटं. नेमकं तापमान साच्याच्या खोलीवर आणि काचेच्या रुंदीवर ठरतं, म्हणून पहिल्यांदा ६२० पासून दर पाच मिनिटांनी चष्मा घालून डोकावा आणि काच तळाला टेकली की पुढच्या पायरीवर जा. पुढचं अ‍ॅनिलिंग आधीसारखंच, पूर्ण. "एकदा झालंय ना" असं नसतं, प्रत्येक वेळी ५०० च्या वर गेली की परत करावं लागतं. एक बाजू वर आणि एक खाली सरकली असेल तर बहुतेक वेळा तापमान जास्त झालेलं असतं किंवा घाई. पुढच्या वेळी १५ अंश कमी आणि मुक्काम जास्त.

तुटलंच तर: तडा वाचायचा कसा

फेकायच्या आधी तड्याची कड बोटाने नाही, भिंगाने बघा.

कड गोलसर, वितळून गुळगुळीत झालेली असेल तर काच चढताना तुटली आणि नंतर वर वितळली. पहिली पायरी हळू करा. कड धारदार असेल तर निवताना किंवा त्यानंतर तुटली. त्यातही तडा दोन रंगांच्या सीमेवरून चालला असेल तर काचा जुळत नाहीत असं समजा आणि टप्पा ९ मधली चिपची टेस्ट करा; रंगांची पर्वा न करता नागमोडी वळण घेत आरपार गेला असेल तर अ‍ॅनिलिंग कमी पडलं. आणि तड्याच्या जागी काच पाठीमागे शेल्फला चिकटलेली असेल, तर वॉश कमी पडलाय, बाकी काही बदलू नका.

चढताना तडकलेल्या, एकाच जातीच्या पीसचे तुकडे धुवून फ्रिटच्या डब्यात टाका, डब्यावर नाव लिहून. न जुळणाऱ्यांचे मात्र कुठल्याच डब्यात टाकू नका, माझा तो हिरवा तुकडा अशाच एका डब्यातून आला होता.